दाव्यास कारण

दुय्यम निबंधक कार्यालयातल्या त्या खुर्चीचा एक हात निखळलेला होता. आत्या तिच्यावर अवघडून बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. समोरचा ऑपरेटर तिला वेबकॅमकडे बघायला सांगत होता. "मावशी, वर बघा. पदर जरा मागं घ्या." ती वर बघायची, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे. फोटो झाला, मग अंगठ्याची पाळी आली. आयुष्यभर भांगलण-खुरपणी करून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्यात, यंत्र ठसा घेईना. पुसून झालं, पदरावर घासून झालं, ऑपरेटरनं स्वतः तिचा अंगठा धरून काचेवर दाबला, तेव्हा कुठं तो उमटला. आतल्या साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "दस्त वाचला का? राजीखुशीनं देताय ना?" आत्या म्हणाली, "हो." आजोबा गेल्यावर वारसनोंदीनं सातबाऱ्यावर लागलेलं तिचं नाव तिथून उतरायला निघालं. हक्कसोडपत्र नोंदलं गेलं होतं. परतताना जीपमध्ये ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तू येवढी कॉलेजला जातीस. काय लिवलं होतं गं त्यात?"

मी ती पानं वाचली होती. नंबर यायला वेळ होता, तेव्हा फाईल माझ्याच मांडीवर होती. शब्द सगळे मराठीच होते. सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा. विनामोबदला. निर्वेध. वालीवारस. मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस तमक्याची, पश्चिमेस ओढा. त्या सगळ्यात ओढा तेवढा ओळखीचा वाटला, कारण त्यात मी लहानपणी खेकडे धरलेत. मी आत्याला म्हटलं, "जमीन पप्पांच्या आणि नानांच्या नावावर होणार, असं लिहिलंय." ती म्हणाली, "ते मला ठाऊकच हाय. आनि काय?" त्या 'आनि काय'चं उत्तर मला देता आलं नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र, आणि पदवीनंतर लॉ करायचं की नाही हे मला या उन्हाळ्याच्या आत ठरवायचं होतं.

या प्रश्नाची उत्तरं माझ्या आजूबाजूला तयारच असतात. पप्पांचं उत्तर एमपीएससी. आमच्या तालुक्याच्या गावात बाजारपेठेतल्या दर दोन-तीन इमारतींमागं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, आणि संध्याकाळी तिथल्या खिडक्यांतून खाली वाकलेली डोकी दिसतात. त्यातली काही डोकी मी शाळेत होते तेव्हापासून तिथंच आहेत. कॉलेजमधले आमचे सर म्हणतात, आधी एम.ए. कर, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा दे, मग काय ते बघ. आणि मामा म्हणतो, "एलएलबी करून ठेव. असू दे हाताशी." हे 'असू दे हाताशी' मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आमच्याकडं लॉला जाण्याचं तेच मुख्य कारण असावं असं वाटतं. बँकेतली नोकरी करत, परीक्षांची तयारी करत, लग्न ठरेपर्यंत, निवृत्तीनंतर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात लॉच्या विद्यार्थ्याला सत्तर टक्के हजेरी लागते, हे त्यातल्या बऱ्याच जणांना प्रवेश घेतल्यावर कळतं, आणि काहींना कळूनही फरक पडत नाही.

मामाचा आवडता दाखला टिळकांचा. "टिळकांनी एलएलबी केलं, वकिली केली का?" खरं आहे, केली नाही. १८७९ मध्ये डेक्कन कॉलेजात टिळक एलएलबीचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत होते, आणि त्या दिवसांत दोघांनी मिळून जे ठरवलं त्यातून पुढच्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उभी राहिली. पण मामा ही गोष्ट इथंच थांबवतो. टिळकांनी पुढं कायद्याचे वर्ग चालवले. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, ते भाषण कित्येक दिवस चाललं, आणि तरीही त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ती पदवी 'हाताशी असू दे' म्हणून घेतलेली नव्हती. वकिली न करायची हा त्यांचा विचार करून घेतलेला निर्णय होता. मला मामाच्या सल्ल्यात खटकतं ते हेच, की त्यात निर्णयच नाही. तीन वर्षं द्यायची ती कशासाठी, हे न विचारता द्यायची.

माझ्याबरोबरच्या एका मुलीनं बारावीतच ठरवलं होतं. ती क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला पुण्याला गेली आणि आता पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे. बारावीत मला असा काही अभ्यासक्रम असतो हेच माहीत नव्हतं. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मध्यंतरी वाटायचं की आपली गाडी चुकली. मग वाचनात आलं, की पाच वर्षांचा अभ्यासक्रम देशात ज्या बंगळूरच्या संस्थेनं रुजवला, तिनंच २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केलाय. म्हणजे आधी काहीतरी दुसरं शिकून आलेल्या माणसाची या विषयाला गरज असते, हे त्यांनाही पटलेलं असणार. अर्थशास्त्राची तीन वर्षं मला वाया गेल्यासारखी वाटत नाहीत. शेतीचं कर्ज, तारण, तुकडेजोड, सोसायटीची थकबाकी या सगळ्याचे तक्ते मी काढलेत. त्या तक्त्यांत आत्या कुठं बसते, एवढं मात्र तिथं सापडलं नाही.

त्या रात्री घरी मी दस्ताची प्रत पुन्हा काढली आणि शेजारी फोन ठेवून एकेक शब्द शोधत बसले. पुढं वाचत गेले तसं लक्षात आलं, की आत्याच्या बाबतीत कायदा केव्हाचा जागा होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला होता, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं, आणि आत्याचं लग्न त्याच्या आदल्याच वर्षी झालेलं. मग २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, ती लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींसाठी होती. त्यावर पुन्हा वर्षानुवर्षं वाद चालला, की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नाही, हा हक्क जन्मानंच मिळतो, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. इतक्या वर्षांनी कायदा फिरून माझ्या आत्यापर्यंत पोचला. आणि ती एका हाताच्या खुर्चीवर बसून 'हो' म्हणाली.

तिला कुणी फसवलं असतं, तर माझा निर्णय सोपा झाला असता. पण तिला कुणी फसवलं नाही. पप्पांनी तिच्यावर जोर केला नाही, नानांनी केला नाही. तिनंच आजोबांच्या वर्षश्राद्धाला सांगितलं, की मला काही नको, माझं येणं-जाणं राहू द्या. आमच्याकडं बहुतेक घरांत हे असंच होतं. जमीन सोडली की माहेर राहतं, हा हिशेब कुठं लिहिलेला नसतो, पण तो प्रत्येकीला ठाऊक असतो. दिवाळीला आत्या येते, पप्पा तिला साडी घेतात, नाना तिच्या पोरांच्या हातात नोट ठेवतात, आणि हे सगळं मनापासून असतं. माझे पप्पा वाईट माणूस नाहीत. माझ्या फीचे पैसे त्यांनी कधी मागं-पुढं केले नाहीत. ते पैसे कुठून येतात, याचा विचार मात्र मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. ऊस येतो त्याच रानातून, आणि त्या रानाचा एक हिस्सा तिचा होता.

रागावर विसंबून पुढची तीन वर्षं ठरवावीत का, हे मला कळेना.

लॉबद्दल वाचताना मला वारंवार भेटत राहिल्या त्या कॉर्नेलिया सोराबजी. नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, मग ऑक्सफर्ड. तिथं १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी हाती पडायला पुढं तीस वर्षं लागली, आणि हिंदुस्थानात बायकांना वकिलीचा दरवाजा उघडणारा कायदा आला तो १९२३ मध्ये. हे बहुतेकांना माहीत असतं. मी थांबले ती मधल्या वर्षांपाशी. वकिलीची सनद नाही, कोर्टात उभं राहता येत नाही, आणि त्या काळात त्या पडद्यातल्या बायकांच्या सल्लागार म्हणून काम करत होत्या. मोठ्या इस्टेटींच्या विधवा, ज्यांना परपुरुषासमोर येता येत नव्हतं आणि ज्यांच्यापुढं पडद्याआडून सहीसाठी कागद सरकवले जायचे. १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अशा इस्टेटींचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्यात, त्या हेच काम सरकारी नेमणुकीवर करत होत्या. जनान्यात जाऊन बसायचं, बाईचं म्हणणं ऐकायचं, तिच्यासमोर आलेल्या कागदात काय आहे ते तिला सांगायचं. वाचताना मला वाटलं, वकिलीतलं हे काम काळ्या कोटाच्याही आधीचं आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत मी ओळखीनं एका वकीलबाईंकडं जाऊन बसायला लागले. त्यांनी अट एकच घातली, की पक्षकार बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. आमचं तालुका कोर्ट म्हणजे जुनी दगडी इमारत, पुढं नवीन पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये एकमेकांना चिकटून वकिलांची टेबलं. सकाळी अकराच्या आधी तिथं झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास असतो, नोटरीच्या शिक्क्यांची धपधप चालू असते, आणि व्हरांड्यातून पट्टेवाला नावं पुकारत असतो. आडनाव आधी, नाव नंतर, प्रत्येक हाक लांबवत नेलेली. मला वाटायचं वकिली म्हणजे बोलणं. घरातही सगळे हेच म्हणतात, "तुला वाद घालता येतो, तू वकील हो." त्या दिवसांत मी बाईंना कोर्टापुढं सलग पाच मिनिटं बोलताना क्वचित पाहिलं. बाकी वेळ त्या वाचत होत्या, वाट बघत होत्या, पुरसीस म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन लिहीत होत्या, रोजनाम्याची, म्हणजे तारखेतारखेच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल मागवत होत्या, आणि ऐकत होत्या.

एकदा एक आजोबा आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सातबारे, फेरफार, सोसायटीच्या पावत्या आणि घड्यांवर विरलेला एक मोजणीचा नकाशा. भावकीतल्यानं बांध नांगरला होता. त्यांनी सुरुवात केली ती त्यांच्या वडिलांच्या वाटणीपासून. मग विहीर कुणी खणली, मग कुणाच्या लग्नात कुणी जेवण सोडलं. बाईंनी त्यांना अडवलं नाही. मी घड्याळाकडं बघत होते, बाहेर आणखी पक्षकार ताटकळत होते, आणि बाई हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवून बसल्या होत्या. आजोबा दमले तेव्हा त्यांनी विचारलं, "बांध कवा फोडला?" "पेरणीच्या टायमाला." "मृगात का आर्द्रात?" "मृग निघाला तवा. पाऊस लागला नव्हता." "त्या आठवड्यात बाजार कधी केला होता?" आजोबा थांबले. "आदल्या दिशी. बियाणं आणलं होतं न्हवं." बाईंनी ड्रॉवरमधून दिनदर्शिका काढली, जूनचं पान उघडलं. बाजार रविवारचा. त्यांचं बोट सोमवारवर जाऊन थांबलं. मग कॉम्प्युटरवर टाइप झालं: 'दाव्यास कारण दिनांक ९ जून रोजी प्रतिवादीने वादीच्या मिळकतीचा बांध नांगरला तेव्हा मौजे मजकुरी घडले.' त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "ट्रॅक्टर पुतण्याचाच हुता, त्ये घेतलं का?" बाई म्हणाल्या, "घेतलं, वर तिसऱ्या परिच्छेदात," आणि तोही परिच्छेद वाचून दाखवला.

ते गेल्यावर मी विचारलं, तारखेसाठी एवढं कशाला? त्यांनी सांगितलं, मुदतीच्या कायद्यात प्रत्येक दाव्याला मुदत ठरलेली असते, आणि ती कुठून मोजायची हे या एका परिच्छेदावर अवलंबून असतं. तिथं 'पेरणीच्या वेळी' म्हणून चालत नाही. उलटतपासणीत समोरचा वकील पहिला हात तिथंच घालतो. मला त्या दिवशी घरी जाताना जे वाटलं ते सांगणं अवघड आहे. एका माणसाच्या मनात चाळीस वर्षांचं साचलेलं होतं, आणि त्यातून कोर्टाला कळेल, मोजता येईल असं वाक्य बाहेर काढलं गेलं होतं. त्यात त्याचं काही खोटं झालं नव्हतं आणि काही हरवलं असेल तर ते बाईंनी आधी पूर्ण ऐकून घेतलं होतं. हे काम मला करता यावं असं मनापासून वाटलं. अर्थशास्त्राच्या कुठल्याही तासाला मला इतकं स्पष्ट असं काही वाटलेलं नाही.

बाई मात्र मला गुळाचा खडा दाखवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खर्च आणि मिळकत दोन्ही मांडून दाखवलं. सनद घ्यायला पूर्वी राज्याराज्यांत हजारांनी पैसे मोजावे लागायचे. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये लिहिलंय तेवढंच घ्या, म्हणजे खुल्या गटासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा. आणि त्यानंतर जुन्या वकिलाच्या हाताखालची ज्युनिअरशिप, जिच्याबद्दल कुठल्या माहितीपत्रकात काही नसतं. ज्युनिअरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिलनं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुचवलंय, पण ते सक्तीचं नाही. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअर मुलाला मी विचारलं, तर तो म्हणाला, पेट्रोल आणि चहा सुटतो. तो आधी दोन वर्षं पुण्यात होता, भाडं परवडेना म्हणून गावी आला. त्याचं इंग्रजी चांगलं आहे, ड्राफ्टिंग चांगलं आहे, आणि त्याला तिशी जवळ आलीय. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळं ते ऐकणं आणखी जड गेलं. या पेशात टिकायला आधी घरचा आधार लागतो, आणि तो नसलेली हुशार मुलं गळून जातात. न्यायाच्या पेशाची दारं अशी आधारानं उघडावीत हे मला अजिबात मान्य नाही. माझ्याकडं तो आधार आहे, आणि तो कुठून आलाय ते मी वर लिहिलंय.

पप्पांना लॉची कल्पना थोडी तरी पचली ती एका वाटेनं: "मग जज हो." एमपीएससीच घेते ती परीक्षा, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. निकाल लागला की गाडी, बंगला, गावात सत्कार. त्यांच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलेलं मला दिसलं. मग मी त्यांना २० मे २०२५ चा निकाल सांगितला. सर्वोच्च न्यायालयानं या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली, जी २००२ मध्ये काढली होती. पप्पांनी बोटांवर मोजलं. तीन लॉची, तीन वकिलीची, मग परीक्षा. "सत्तावीस-अठ्ठावीस," ते म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. पुढचं आईनं स्वयंपाकघरातून बोललं, लग्नाचं. मुलाच्या बाबतीत हीच बेरीज एवढ्या शांततेत कुणी करत नाही. मला स्वतःला ती अट पटते. बांध नांगरल्याच्या दाव्यावर निकाल देणाऱ्या माणसानं निदान एकदा तरी दिनदर्शिका काढून सोमवार शोधलेला असावा. पण ती अट माझ्या वयाच्या मुलींना घरात काय भोगायला लावते, हेही खरं आहे, आणि या दोन गोष्टींची सांगड मला घालता आलेली नाही.

इंग्रजीची भीती मी कुणाला फारशी बोलून दाखवली नव्हती. माझं सगळं शिक्षण मराठीत. लॉच्या प्रवेशाची परीक्षा म्हणजे सीईटी, तिचा पेपर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण त्यात इंग्रजीचा वेगळा भाग असतोच. निकालपत्रं इंग्रजीत, चांगली पुस्तकं इंग्रजीत, उच्च न्यायालय इंग्रजीत. बाईंनी माझ्यासमोर दोन फाईली ठेवल्या. एक तालुका कोर्टातली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठी. राज्यातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना १९९८ ची आहे. दुसरी त्याच दाव्यातल्या अपिलाची, इंग्रजी. "दोन्ही वाचता आल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या. "नुसती इंग्रजी येणाऱ्याला ही पहिली फाईल कळत नाही, आणि सगळी चूक या पहिल्या फाईलीतच झालेली असते." मग त्यांनी कोल्हापूरबद्दल सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, आमचा सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत आला. वर्षानुवर्षं वकिलांनी ते मागितलं होतं, त्याही आंदोलनात गेल्या होत्या. पूर्वी अपील म्हटलं की मुंबईची रात्रीची एसटी, आता सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. माझ्यासारखीला उच्च न्यायालय बघायला मिळणं, तिथं कुणाच्या हाताखाली उभं राहायला मिळणं, हे पहिल्यांदाच एवढं जवळ आलंय. मी ती इंग्रजी फाईल शब्दकोश घेऊन वाचली. वेळ फार लागला, पण कळली.

मग एके दिवशी मी आत्याकडं गेले, दस्ताची प्रत घेऊन. चुलीपुढं बसून तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं, प्रत्येक शब्द सोडवत. विनामोबदला म्हणजे एक रुपया न घेता. निर्वेध म्हणजे या हिश्श्यावर कुणाचा बोजा नाही, दावा नाही. ती मान हलवत होती, हे सगळं तिला अंदाजानं माहीत होतं. वालीवारसवर आले तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या पोरांनाही पुढं या जमिनीत काही मागता येणार नाही." तिचा हात थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पोरांना इचारायला पायजे हुतं मग." आणि लगेच, "न्हाई, दिलं ते दिलं. पर इचारलं असतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. दस्त नोंदला गेलाय. बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, की नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायला कोर्टात फसवणूक किंवा जबरदस्तीसारखं कारण सिद्ध करावं लागतं, आणि इथं तसं काही नाही. मी तिला जे सांगितलं त्याचा तिला आता काही उपयोग नव्हता, फक्त एक सल तिच्याकडं गेला, जो आधी माझ्याकडं होता. ते तिला सांगायला नको होतं का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगायला हवं होतं, पण सहीच्या आधी. "सहीआधी सांगितलं असतं तरी तिनं सही केलीच असती," मी म्हटलं. "केली असती," त्या म्हणाल्या, "पोरांना विचारून केली असती." देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले तुंबलेत असं आपण वाचतो आणि कायद्याचं काम म्हणजे ते खटले असं धरून चालतो. त्या आकड्यात आत्यासारख्या बायका नाहीत. त्यांची केस कधी उभीच राहत नाही. त्यांना वकील लागतो तो सहीच्या आधीच्या अर्ध्या तासापुरता, आणि नेमका तेव्हा त्यांच्या शेजारी कुणी नसतं. दस्त लिहिणारा असतो, पण तो ज्यानं पैसे दिले त्याचा असतो.

म्हणून मी लॉ करायचं ठरवलंय. जज व्हायला नाही, आणि हाताशी असावी म्हणूनही नाही. हे दोन्ही मी घरात स्पष्ट सांगितलं. पप्पांनी एवढंच विचारलं, "म्हणजे उद्या आमच्याच दस्तात खोट काढणार का?" मी म्हटलं, खोट नाही काढणार, पण माझ्यासमोर आलेला कागद ज्याचा आहे त्याला वाचून दाखवीन. त्यांना ते आवडलं नाही. ते उठून गोठ्याकडं गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला सीईटीच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारली. पप्पांचं हे असं आहे, आणि उद्या माझ्याही समोर हक्कसोडपत्र येईल तेव्हा धाकट्या भावाकडं आणि पप्पांकडं बघून मी काय करीन, हे मला आज सांगता येत नाही.

फॉर्म भरलाय. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळालं तर तीन वर्षं एलएलबी आणि सुट्ट्यांत बाईंचं टेबल. नाही मिळालं तर एम.ए.ला नाव घालून पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. लाखाच्या घरात फी असलेल्या कॉलेजात मात्र मी जाणार नाही, कारण ती फी कुठल्या रानातून येईल ते मला माहीत आहे. पप्पांना बाकी सगळं सांगून झालंय, हे कारण तेवढं अजून सांगायचं आहे.